डोहाचं कलम

एका जंगलात… पण जंगलाचं नाव विचारू नका, मुलांनो. विचारलंत तर मला खरं सांगावं लागेल, आणि मग तुमचे वडील मला पुन्हा घरात घेणार नाहीत.

तर त्या जंगलात कंटकराव नावाचे एक साळिंदर राहत होते.

साळिंदर पाहिलाय का तुम्ही कधी? अंगभर काटे असतात त्याच्या. कंटकरावांनाही होते. पण ते कुणाला टोचत नसत. साहेब समोरून आले की ते आपोआप खाली बसत. इतके शिकलेले काटे होते ते.

हे साहेब म्हणजे पांढरी अस्वलं. ती मूळची तिथली नव्हती. फार लांबून, बर्फाच्या मुलखातून आली होती. आली होती बर्फ विकायला. जंगलातल्या जनावरांनी बर्फ कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो चाटून पाहिला. जीभ बधिर झाली.

"वा! काय चव आहे!" सगळे म्हणाले.

चव काहीच नव्हती. पण बधिर जिभेला चवीचं कोण विचारतो? पुढे उन्हानं बर्फ वितळून गेला. अस्वलं राहिली.

जंगलाच्या मधोमध एक डोह होता. खोल, गार, भर वैशाखातही न आटणारा. अस्वलांना उकाडा सोसेना, म्हणून त्यांनी तो डोह आपल्याकडे घेतला. बाकीच्या जनावरांनी डोहातून निघणाऱ्या ओढ्यावर प्यावं, असा हुकूम झाला. अस्वलं डोहात डुंबायची आणि खाली ओढ्यात जनावरं तेच पाणी प्यायची. त्या पाण्याला अस्वलाचा वास यायचा. सुरुवातीला जनावरांना राग आला. मग सवय झाली. मग मोठ्या घरांतून असं ऐकू येऊ लागलं, की वासाशिवाय पाणी कसं मिळमिळीत लागतं.

अस्वलांचे कायदेही त्यांच्या मुलखातलेच होते. त्यातला एक असा, की रोज सकाळी प्रत्येकानं आपल्या दारातला बर्फ साफ करावा. आता या जंगलात बर्फ पडायचा कुठून? पण कायदा म्हणजे कायदा. सावरीच्या झाडांना बोंडं धरली की जनावरं कापूस गोळा करून ठेवत. संध्याकाळी तो दारात पसरत आणि सकाळी झाडून काढत. ज्याच्या दारात कापूस जास्त, त्याची शाबासकी जास्त.

हसू नका. तुमच्या दारातही काहीतरी असेलच.

कंटकराव या सरकारात शिरस्तेदार होते. साहेब गुरगुरले की ते गुरगुरणं जनावरांच्या भाषेत लिहून काढायचं, हे त्यांचं काम. साहेब गुरगुरायचे, "चालते व्हा!" कंटकराव लिहायचे, "सदरहू जागेवरून आपण यथाशीघ्र प्रस्थान ठेवावे अशी आज्ञा होत आहे." जनावरांना त्यातलं काही कळत नसे, पण ती चालती होत. कंटकरावांना आपल्या भाषेचा फार अभिमान होता.

त्यांच्या बायकोचं नाव साळूबाई. त्या रोज दुध्या भोपळ्याचा तुंबा घेऊन ओढ्यावर पाण्याला जात. उन्हाळ्यात ओढा आटायचा. मग वाळूत झिरा उकरायचा आणि बसून राहायचं. पाणी गळत गळत वर येई. तुंबा भरेपर्यंत डोक्यावर सूर्य येई.

मागच्या उन्हाळ्यात झिराही आटला, आणि त्यांचं धाकटं पिल्लू गेलं. कशानं गेलं हे दोघांनाही ठाऊक होतं. कंटकरावांनी सरकारी दफ्तरात कारण लिहिलं, "ऋतुमानामुळे." लिहिताना त्यांचा हात हलला नाही. घरी आल्यावर मात्र ते भिंतीकडे तोंड करून बसले, ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. त्या दिवसापासून डोहाच्या बाजूनं वारा आला की साळूबाई काम थांबवून उभ्या राहत.

मग एक दिवस अस्वलांचे मुख्य ब्रुंबसाहेब यांनी जंगलातल्या बड्या जनावरांना डोहावर बोलावलं. ब्रुंबसाहेब पाण्यात होते. फक्त नाक बाहेर होतं. त्या नाकातून ते बोलले.

"आम्ही आता जातोय. इथं फार उकडतं."

बडी जनावरं एकमेकांकडे बघू लागली. गेली कित्येक वर्षं 'अस्वलांनो, जा' असं ओरडण्यात त्यांची हयात गेली होती. ते खरंच जातील, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"पण एक अट आहे," नाक म्हणालं. "आधी राज्यघटना लिहा. पुस्तकाशिवाय जंगल असं उघडं टाकून जाणं आम्हाला शोभत नाही."

गजपतराव हत्ती वयानं आणि वजनानं सगळ्यांत मोठे. त्यांनी सोंड वर केली. "साहेब, घटना म्हणजे जी घडते ती?"

कोल्हेवकील शेजारीच उभे होते. ते बर्फाच्या मुलखात जाऊन शिकून आले होते. तिथल्या थंडीनं त्यांची अर्धी शेपटी झडली होती, आणि उरलेली अर्धी ते मोठ्या तोऱ्यात मिरवत.

"घडते ती घटना वेगळी, गजपतराव," ते म्हणाले. "ही लिहायची असते. एकदा नीट लिहिली की मग काही घडायची गरज राहत नाही."

झालं. समिती नेमली गेली. गजपतराव अध्यक्ष. कोल्हेवकील कायदेपंडित. मान डोलवायला आणखी काही सभासद. आणि लिहायला कंटकराव. कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं, आणि ते कधी मध्ये बोलत नसत.

समितीची बैठक साहेबांच्या गुहेत भरली. ही गुहा डोहाच्या अगदी खाली. आत इतकं गार, की सभासदांचे दात वाजू लागले. बाहेर वडाखाली छान ऊब होती. पण स्वतंत्र जंगलाची घटना वडाखाली बसून लिहायची, हे कुणाला बरं वाटेना. सगळ्यांनी घोंगडी पांघरली आणि कामाला सुरुवात केली.

सुरुवात अशी केली, की ब्रुंबसाहेबांना बोलावून आणलं.

"आम्ही स्वतंत्रपणे लिहिणार आहोत," गजपतराव ठासून म्हणाले. "आपण नुसतं बसा. म्हणजे आम्हाला स्वतंत्रपणे लिहिता येईल."

ब्रुंबसाहेब कोपऱ्यात बसले आणि पेंगू लागले.

मग कोल्हेवकिलांनी घोंगडीतून एक जाडजूड ग्रंथ काढला. अस्वलांची घटना. "फक्त नमुन्यादाखल हं," ते म्हणाले. "आपण आपलंच लिहायचं. यात जिथे 'अस्वल' आहे, तिथे 'जनावर' घालायचं. म्हणजे आपलंच झालं."

सगळ्यांना ही युक्ती पसंत पडली. काम भराभर होऊ लागलं. प्रत्येक जनावराला हिवाळाभर झोपण्याचा हक्क मिळाला. हरणांनी कळवलं, की आम्ही हिवाळाभर झोपलो तर वाघ आम्हाला हिवाळाभर खाईल. समितीनं ते विचारात घेतलं आणि हक्क कायम ठेवला. हिमनगावरून घसरून पडणाऱ्या जनावराला भरपाई मिळाली. कातडीच्या पांढरेपणावरून कुणाचाही अपमान करू नये, असंही ठरलं.

बर्फाचं कलम आलं तेव्हा मात्र कंटकराव थांबले. त्यांनी खोकून घेतलं.

"हे वगळायचं का?" ते हळूच म्हणाले. "म्हणजे, इथं बर्फ पडत नाही, म्हणून विचारलं."

सभासदांनी घोंगड्यांतून माना वर काढल्या.

"आजवर पडला नाही," कोल्हेवकील म्हणाले. "पण आता आपण स्वतंत्र होतोय. सगळ्या पुढारलेल्या जंगलांत बर्फ पडतो. उद्या पडला आणि आपल्याकडे कलम नसलं, तर जग काय म्हणेल?"

"आणि इतका कापूस साठवलाय त्याचं काय करायचं?" एका सभासदानं विचारलं.

कंटकरावांनी बर्फाचं कलम सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

असं सगळं झालं. उरलं फक्त डोहाचं कलम. अस्वलांच्या ग्रंथात ते सापडेना, कारण अस्वलांच्या मुलखात कुणी कुणाचा डोह घेतला नव्हता. सभासद छताकडे पाहू लागले. डोहाचं नाव काढलं की प्रत्येकाला तहान लागे, आणि ती दुसऱ्याला दिसू नये असंही वाटे.

"हे कंटकरावांनी लिहून आणावं," शेवटी गजपतराव म्हणाले. "अक्षर चांगलं आहे त्यांचं."

कंटकराव घरी आले. हिरड्याची शाई कालवून बसले. बोरू उचलला. पण शब्द येईना. तो बोरू सरकारी होता. त्याला 'सदरहू'शिवाय सुरुवातच करता येत नसे.

साळूबाई हे बघत होत्या. त्या मागून आल्या आणि त्यांनी कंटकरावांच्या पाठीवरचा एक काटा धरला. "हा पिकलाय. दुखणार नाही," असं म्हणून त्यांनी तो उपटला.

दुखलं. चांगलंच दुखलं. कंटकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यातूनच त्यांनी तो काटा शाईत बुडवला आणि लिहिलं. फारच थोडं लिहिलं.

"वाचा बघू," साळूबाई म्हणाल्या.

कंटकरावांनी वाचलं, "डोह सगळ्यांचा आहे. ज्याला तहान लागेल त्यानं प्यावं."

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"अहो," साळूबाई म्हणाल्या, "हे तर मला कळलं!"

"कळलं? सगळं?"

"सगळं."

कंटकरावांना घाम फुटला. त्यांनी लिहिलेलं कुणाला कळलं, असं त्यांच्या उभ्या नोकरीत झालं नव्हतं.

साळूबाई कोपऱ्याकडे बघत होत्या. तिथे पूर्वी धाकटं झोपायचं. त्यांनी विचारलं, "खरंच असं होईल?"

"समिती ठरवील."

"समितीला तहान लागते ना?"

"लागते."

"मग झालं तर," साळूबाई म्हणाल्या, आणि चुलीकडे गेल्या. कंटकरावांनी ते पान वाळवलं. इतकं लहान पान आपण कधी इतका वेळ वाळवलं नव्हतं, असं त्यांना वाटलं. आणि मुलांनो, त्या संध्याकाळी त्यांच्या पाठीवरचे काटे पहिल्यांदाच थोडे उभे राहिले होते. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. साळूबाईंच्या आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते कलम गुहेत वाचून दाखवलं.

गजपतरावांच्या सोंडेवरून एक मोठा थेंब घरंगळला. ते लहान असताना याच डोहात त्यांच्या आईनं त्यांना पहिली अंघोळ घातली होती. एक सभासद तर घोंगडीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला.

मग हळूहळू सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. ब्रुंबसाहेबांनी एक जांभई दिली.

"छान आहे," ते म्हणाले. "असू द्या." आणि त्यांनी डोळे मिटले.

समिती हादरली.

"साहेबांनी हरकत घेतली नाही!" कोल्हेवकील कुजबुजले. "म्हणजे काहीतरी गंभीर चूक आहे."

"साहेब," गजपतराव काकुळतीला आले, "नीट बघा ना एकदा. काहीतरी राहिलं असेल."

"अहो, मी चाललोय," ब्रुंबसाहेब वैतागून म्हणाले. "डोह तुमचा. प्या, नाहीतर नका पिऊ."

"असं परकं करू नका, साहेब!"

पण साहेब घोरू लागले. आता आली का पंचाईत? सभासदांना साहेबांच्या विरोधाला विरोध करता येत होता. साहेबांच्या संमतीचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी कोल्हेवकिलांना सुचलं. "साहेबांनी हरकत घेतली असती, तर ती काय असती? तेवढंच शोधायचं."

मग काय विचारता! आळीपाळीनं सगळे ब्रुंबसाहेब झाले. एक जण नाक फुगवून गुरगुरला, "रानडुकरं पाणी गढूळ करतील." दुसरा म्हणाला, "माकडं आजवर कधी रांगेत उभी राहिली आहेत?" कोल्हेवकील तर असे हुबेहूब साहेब झाले, की झोपलेल्या साहेबांनी झोपेतच कूस बदलली. "तहान लागली म्हणतात," कोल्हेवकील गुरगुरले. "पण ती खरी कशावरून?"

"कशावरून?" सगळी समिती गुरगुरली.

तेव्हा कंटकराव उठून उभे राहिले. ते कधी उठत नसत, म्हणून सगळे गप्प झाले.

"माझं पिल्लू…" ते म्हणाले.

कोल्हेवकील जवळ आले. त्यांनी मायेनं कंटकरावांच्या खांद्यावर पंजा ठेवला. काटे बसलेलेच होते.

"भावना समजतो हो," ते म्हणाले. "कलम तुमचंच राहील. एक अक्षर काढणार नाही. पण कंटकराव, तुमच्यासारख्या शिरस्तेदारानं 'प्यावं' असं उघडंबोडकं क्रियापद ठेवावं? पुढच्या पिढ्या वाचतील. म्हणतील, यांना साधं परंतुकसुद्धा लिहिता येत नव्हतं."

परंतुक म्हणजे काय, माहितीय ना मुलांनो? आई म्हणते, "खेळायला जा, परंतु…" त्या 'परंतु'च्या पुढे जे असतं ते.

पंजा बरोबर जागी पडला होता. कंटकराव खाली बसले. त्यांनी सरकारी बोरू उचलला. मग मात्र बोरू थांबेना. त्यांनी लिहिलं, "परंतु, तहान खरी आहे किंवा कसे, याचा निर्णय डोहरक्षक मंडळ यथावकाश करील, आणि तसा निर्णय होईतो सदरहू डोहाच्या काठी उक्त मंडळ व त्याचे अधिकारी यांखेरीज कोणीही जाऊ नये."

लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचून पाहिलं. आणि सांगायला वाईट वाटतं, पण त्यांना ते आवडलं. वाक्य कसं एकसंध होतं. कुठं शिवण दिसत नव्हती.

ब्रुंबसाहेबांनी एक डोळा उघडला. "हे मात्र अगदी आमच्यासारखं झालं," ते म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कंटकरावांच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. ती गुहेबाहेर पडेपर्यंत टिकली. बाहेर ऊन होतं, तरी त्यांना हुडहुडी भरली.

घरी साळूबाई दारातच उभ्या होत्या. "झालं का आपलं कलम?"

"झालं."

"तेच?"

"तेच. थोडं वाढवलं."

"वाढवलं? मग चांगलंच की," साळूबाई म्हणाल्या. त्यांनी तुंबा घासायला घेतला. कंटकराव भिंतीकडे तोंड करून बसले.

वैशाखात अस्वलं निघाली. ब्रुंबसाहेब डोहातून बाहेर आले तेव्हा पाणी चांगलं हातभर खाली गेलं. कोल्हेवकील इतके रडले, की साहेबांनाच त्यांची समजूत घालावी लागली. "पुन्हा या, पुन्हा या," असं ते वाटेच्या वळणापर्यंत म्हणत गेले.

मग सगळं जंगल डोहाभोवती जमलं. ओढा कधीच आटला होता. सशांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. हरणांची पाडसं उभी राहू शकत नव्हती, आया त्यांना चाटून चाटून उभं करत होत्या. सगळ्यांच्या पुढे साळूबाई, हातात तुंबा घेऊन.

डोहरक्षक मंडळ काठावर ओळीनं उभं होतं. मंडळ म्हणजे समितीच. फक्त सगळे पांढऱ्या मातीत लोळून आले होते. तसं कलम नव्हतं, पण डोहाच्या काठी काळंसावळं बरं दिसत नाही, असं त्यांचं त्यांनाच वाटलं. गजपतराव भिंतीसारखे पांढरे दिसत होते. ऊन लागून त्यांचे पोपडे पडत होते.

कंटकराव खडकावर चढले आणि वाचू लागले.

"डोह सगळ्यांचा आहे. ज्याला तहान लागेल त्यानं प्यावं."

काय तो आवाज उठला! झाडांवरचे पक्षी उडाले. रानडुकरं एकमेकांना ढुशा देऊ लागली. अख्खी गर्दी पाण्याकडे सरकली.

"पुढे वाचा," कोल्हेवकील खोकले.

कंटकरावांनी पुढे वाचलं. यथावकाश. उक्त. सदरहू. होईतो.

गर्दी थांबली. एका म्हाताऱ्या रानडुकरानं शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणाले?"

"कळलं नाही बा."

"कळलं नाही ना? मग मागं सरायचं."

आणि सगळे मागे सरले. शब्द कळले नव्हते, पण चाल ओळखीची होती. कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. उलट एक हरीण पाडसाला म्हणालं, "बघ, आता आपलं आपण मागं सरतोय."

साळूबाई तेवढ्या सरल्या नाहीत. त्यांनी पहिलं वाक्य घरीच ऐकलं होतं. ते त्यांना कळलं होतं. पुढचं ते वाढवलेलं असणार, असं त्या समजल्या. लग्नात मंगलाष्टकं लांबवतात तसं. त्या सरळ चालत गेल्या. गजपतरावांच्या पायांमधून पलीकडे गेल्या, पाण्यात उतरल्या, आणि तुंबा बुडवून घटाघटा पाणी प्यायल्या.

"घटनाभंग!" कोल्हेवकील किंचाळले. "पहिल्याच दिवशी! धरा तिला!"

"कंटकराव," गजपतरावांनी विचारलं, "ही कोण?"

कंटकरावांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि तिनं डोळे मिटले होते. मागच्या उन्हाळ्यानंतर तिचा चेहरा इतका निवांत त्यांनी पाहिला नव्हता.

आता या ठिकाणी एखादा नायक असता, तर त्यानं ग्रंथ टराटरा फाडला असता. पण कंटकराव शिरस्तेदार होते. फाडणं त्यांना येत नव्हतं. वाचणं येत होतं. त्यांनी आपलंच परंतुक पुन्हा एकदा वाचलं. आणि त्या एकसंध वाक्यात त्यांना 'अधिकारी' या शब्दापाशी एक फट दिसली.

"या बाई," ते म्हणाले, "मंडळाच्या पाणी-तपासणी अधिकारी आहेत."

"कधी नेमल्या?"

"आत्ता."

"कुणी?"

"मी. नेमणुका शिरस्तेदारानं कराव्यात, ही साहेबांच्या वेळची वहिवाट आहे."

कायद्यावर कोल्हेवकिलांपाशी सतरा तोडगे होते, पण साहेबांच्या वहिवाटीवर एकही नव्हता. कंटकराव खाली उतरले, त्यांनी आपल्या पाठीवरचा एक काटा उपटला, शाईत बुडवला, आणि नेमणुकीची खूण म्हणून साळूबाईंच्या नखावर एक ठिपका दिला. या खेपेला दुखलं की नाही, हे त्यांना कळलंच नाही.

"काय तपासलंत?" गजपतरावांनी साळूबाईंना अदबीनं विचारलं. अधिकाऱ्याशी ते नेहमी अदबीनं बोलत.

"गार आहे," साळूबाई म्हणाल्या. "पण एकदा पिऊन नीट कळत नाही. पुन्हा तपासावं लागेल."

गर्दीतला एक ससा पुढे आला. "कंटकराव, मलाही तपासता येतं हो."

त्याच्या नखावर ठिपका पडला. मग हरणं आली. त्यांची नेमणूक खोली-निरीक्षक म्हणून झाली, आणि पाडसांची शिकाऊ उमेदवार म्हणून. रानडुकरं गाळ-तपासणीवर लागली. माकडांना रांगेची देखरेख मिळाली, आणि ती इतकी खूश झाली, की खरोखरच रांगेत उभी राहिली. कोल्हेवकील धावत आले. "अहो, सगळेच अधिकारी झाले तर साधं जनावर कोण उरलं?"

"म्हणून तर सगळ्यांवर एक महानिरीक्षक लागेल," कंटकराव म्हणाले आणि त्यांचं नख हातात घेतलं.

कोल्हेवकील विरघळले. गजपतराव तर केव्हाच पाण्यात बसले होते. पांढरी माती धुऊन गेली होती आणि ते सोंडेनं अंगावर पाणी उडवत होते, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता.

दिवस कलला. सगळं जंगल पाण्यात होतं. पाण्याबाहेर फक्त कंटकराव उभे होते. जीभ टाळूला चिकटली होती.

साळूबाई भरलेला तुंबा घेऊन वर आल्या. "घ्या."

"मला नाही पिता येणार. मी कुणी अधिकारी नाही, नुसता लिहिणारा. स्वतःची नेमणूक स्वतः करणं नियमात बसत नाही."

"आणि मी कोण आहे?"

"तू पाणी-तपासणी अधिकारी."

"मग माझा हुकूम आहे," साळूबाई म्हणाल्या. "प्या."

कंटकरावांनी तुंब्याला तोंड लावलं. एक घोट घेतला. मग त्यांना धाकटं आठवलं आणि दुसरा घोट उतरेना. साळूबाईंनी तुंबा खालून धरला आणि तसाच धरून ठेवला, कंटकरावांचं पिऊन होईपर्यंत.

ते परंतुक अजून तसंच आहे. ते काढावं, असं कुणी कधी म्हणालं नाही. त्या जंगलात पिल्लू जन्मलं की आधी त्याच्या नखाला शाई लावतात आणि मग पाणी पाजतात. एखादं चौकस पिल्लू विचारतं, "आई, तहान लागली की नुसतं पाणी का नाही पीत आपण?"

आई घाबरून इकडेतिकडे बघते.

"हळू बोल. अशानं घटना धोक्यात येते."

तात्पर्य : तहान लागली असता हक्क मागू नये, हुद्दा मागावा. हक्कापाठोपाठ 'परंतु' येतो. हुद्द्याला थोडी शाई पुरते.